एनओसीशिवाय वकील बदलता येत नाही म्हणे!

‘घटस्फोटाची केस चालू असताना वकील बदलू नका. जुन्याची एनओसी लागते. फी बाकी असेल तर फाईल अडवायचा त्याला हक्क आहे. केस पहिल्यापासून सुरू होते. वर चिडलेला वकील समोरच्यांना जाऊन मिळतो.’ नातेवाइकांच्या ग्रुपवर हा मेसेज परत फिरतोय.

आधी फाईलचं बघू, कारण माणसं घाबरतात ती इथेच. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेनं वकिलाला काढलं, तेव्हा त्यानं सुमारे ९७ हजारांचं बिल पुढे केलं आणि पैसे मिळेपर्यंत फायली धरून ठेवल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं (आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा, २०००). निकाल स्पष्ट आहे: थकलेल्या फीसाठी पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत, अडवले तर ते व्यावसायिक गैरवर्तन. दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ मजुरी मिळेपर्यंत दुकानदार ठेवून घेईल. खटल्याच्या कागदांना तो न्याय लागू नाही. फी बुडवा असं मी म्हणत नाही. ती वसूल करायला वकिलाला वेगळा मार्ग आहे. आणि त्यानं फाईल नाहीच दिली, तरी कोर्टात दाखल झालेल्या कागदांच्या नकला अर्ज करून मिळतात.

एनओसीची गोष्ट अर्धी खरी. नव्या वकीलपत्रावर (वकील नेमल्याचा, कोर्टात द्यायचा कागद) जुने वकील ‘हरकत नाही’ लिहून सही करतात, बहुतेक वेळा काम तेवढ्यावर भागतं. सही देत नसतील तर बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमातच वाट आहे: संमती का मिळाली नाही ते सांगून नव्या वकिलानं कोर्टाची परवानगी मागायची. कुटुंब न्यायालयात तर वकील देणं मुळात हक्क नाही, तिथे न्यायालयाची मुभा लागते (१९८४ च्या कायद्याचं कलम १३). त्यामुळे तो एक अर्ज धरूनच चाला.

केस पहिल्यापासून? नाही. अर्ज, लेखी जबाब, झालेला पुरावा, सगळं जिथल्या तिथे राहतं; नवा वकील तिथूनच पुढे चालवतो. मात्र उलटतपासाच्या आदल्या दिवशी वकील बदललात आणि तारीख मागितलीत, तर कोर्ट वैतागेल, खर्चही बसवेल. बदलायचंच तर दोन तारखांच्या मधे, नव्या वकिलाला फाईल वाचायला वेळ ठेवून.

राहिलं समोरच्यांना मिळणं. एका बाजूचा सल्ला दिलेला वकील त्याच प्रकरणात दुसऱ्या बाजूनं उभा राहू शकत नाही. तुम्ही त्याला सांगितलेलं गुपित ठेवण्याचं बंधन काम सुटल्यावरही सुटत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ तेच सांगतं.

मला हा मेसेज ज्या काकूंनी पाठवला, त्यांच्या लेकीचे वकील गेल्या पाचपैकी चार तारखांना आलेच नव्हते. काकूंना म्हटलं, आधी रोजनाम्याची, म्हणजे दर तारखेला काय झालं त्याच्या कोर्टातल्या नोंदीची, नक्कल काढा. ‘अर्जदाराचे वकील गैरहजर’ किती वेळा लिहिलंय ते मोजा, मग फोन करा.