सीलबंद एक्सबॉक्सचा भाव: आपल्या एक-तारा अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. आपण लिहिलंत की इंटरनेटवर ६० हजारांना दिसणारा आपला सीलबंद पहिला एक्सबॉक्स (मायक्रोसॉफ्टचा टीव्हीला जोडायचा गेम सेट) आमच्या दुकानाने २२ हजारांना विकत मागितला, वर "कपॅसिटर गळतो" म्हणून घाबरवलं. भाव आम्ही नुसता तोंडी सांगितला, कागदावर मांडून दिला नाही, ही चूक आमची. ती मांडणी इथे देतो. चिपळुणात किंवा बाहेर, कुठेही ताडून बघा.

६० हजार ही कुणीतरी मागितलेली किंमत आहे. ईबेवर फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवणारा फिल्टर लावा, साधारण ९० दिवसांतले सौदे दिसतील. किमतीवर काट मारलेली असेल तर तो सौदा घासाघीस होऊन कमी पैशांत झालेला असतो आणि खरा आकडा तिथे दिसत नाही, तेव्हा तो धरू नका. उरलेल्यांत त्याच देशाचं, त्याच रंगाचं मॉडेल घ्या. खास आवृत्तीचा भाव साध्या काळ्याला लागत नाही. सगळ्यात वरचा आणि खालचा सोडून मधला भाव धरा.

तो भाव तिकडच्या गिऱ्हाइकाने दिलेला असतो. इथून माल पाठवायचा तर कुरियर आकारमानाचे पैसे घेतं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. ४५ बाय ३५ बाय २० चं बाहेरचं खोकं ६.३ किलोचं धरलं जातं, आतला माल त्याहून हलका असला तरी. इथेच विकायचा तर घेणारे मोजके. त्यात आपला सेट अमेरिकेचा, १२० व्होल्टचा. व्होल्ट उतरवणाऱ्या स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरशिवाय इथल्या २३० व्होल्टला लावला की पॉवर सप्लाय जातो.

आता कपॅसिटर. पहिल्या एक्सबॉक्सच्या बोर्डवर घड्याळ चालू ठेवायला १ फॅराड, २.५ व्होल्टचा कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा छोटा भाग, असतो. बोर्डच्या १.० ते १.५ आवृत्त्यांत तो वयाने गळतो, मशीन एकदाही चालू केलेलं नसलं तरी, आणि आतलं द्रव बोर्डवरच्या तांब्याच्या रेषा खातं. खोक्यावरच्या सीरियलच्या शेवटच्या पाच आकड्यांत पहिला वर्षाचा, पुढचे दोन आठवड्याचे. आपले २ आणि ४१, म्हणजे २००२ चा ४१ वा आठवडा. १.६ आवृत्ती २००४ मध्ये आली, त्यामुळे आपला गळणाऱ्यांतलाच. वापरातल्या मशीनमधून तो कुणीतरी काढलेला असू शकतो, सीलबंदमधून कुणीच काढलेला नसतो. काढायचं काम अवघड नाही: तळाच्या रबरी पायांखाली आणि लेबलांखाली टी-२० टॉर्क्सचे (तारेच्या आकाराच्या खाचेचे) सहा स्क्रू, आतल्या ड्राइव्हना टी-१०, मग कपॅसिटर काढून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. त्याच्याविना मशीन चालतं, फक्त प्लग काढून ठेवला की वेळ पुन्हा लावावी लागते. पण हे करायला सील फोडावं लागतं, आणि फोडलं की सीलबंदचा भाव गेला. म्हणूनच आपल्याला ते उघडू नका असं सांगितलं होतं. डीव्हीडी ड्राइव्हचा रबरी पट्टा एका जागी पडून ताठरतो. हार्ड डिस्क बोर्डशी पासवर्डने कुलूपबंद असते, ती बिघडली तर दुसरी आणून नुसती जोडता येत नाही. बंद खोकं विकत घेणारा हा सगळा धोका आपल्या अंगावर घेतो. त्यासाठी आम्ही मधल्या भावातून तिसरा हिस्सा कापतो.

सील अस्सल आहे, त्यात शंका नाही. टेप दोन्ही बाजूंना सारखीच पिवळी पडलीय, खाली पुठ्ठ्याचे तंतू उपटलेले नाहीत, दुसरा थर नाही. पण तळाच्या एका कोपऱ्याला ओल लागून पुठ्ठा फुगलाय आणि कसरीने छापील बाजू खाल्लीय. २०२१ च्या पुरानंतर आम्ही प्रत्येक खोकं आधी खालून बघतो. सीलबंद वस्तूत निम्मी किंमत खोक्याची, म्हणून आणखी पाव हिस्सा गेला. त्यातून आमचा नफा आणि विकेपर्यंत अडकणारे पैसे वजा केले की २२ हजार उरतात.

हा भाव कमी वाटत असेल तर सेट दुकानात विक्रीला ठेवा, किंमत आपण ठरवा, विकला गेला तरच १० टक्के द्या. घरीच ठेवणार असाल तर आगोटीच्या आत माळ्यावरून खाली काढा. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेलची पाकिटं टाकून, भिंतीपासून लांब, आडवं ठेवा आणि वर वजन नको. प्लास्टिकने घट्ट गुंडाळू नका, आतली ओल आतच राहते आणि बुरशी धरते.