चांदीची पट्टी, मध आणि पायावरची जुनी जखम

घोट्याच्या वर महिनोन्‌महिने चिघळत राहणाऱ्या जखमेबद्दलचा एक संदेश सध्या फिरतो आहे. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. जखम भरत नाही ती जंतूंमुळे. चांदीचं ड्रेसिंग लावलं की ती सर्वांत लवकर भरते. ते जमत नसेल तर घरातला मध लावा, नैसर्गिक असल्याने अपाय होत नाही. आणि पाय घट्ट बांधू नका, रक्त अडतं. मी रोज असे पाय धुते, पुसते, बांधते. चौथी सूचना वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटली, पण क्रमाने जाऊ.

महिनाभर उघड्या राहिलेल्या कुठल्याही जखमेचा स्वॅब तपासायला पाठवा, जंतू सापडणारच. ते तिथे आहेत म्हणजे संसर्ग झालाच असं नाही. दुखणं अचानक वाढलं, कडेची त्वचा लाल आणि गरम होऊन ती लाली पसरू लागली, पू आला, ताप आला, तर तो संसर्ग. मग तातडीने डॉक्टरांकडे जायचं. यातलं काहीच नसताना जखम भरत नसेल, तर कारण बहुतेक वेळा त्याच पायाच्या शिरांमध्ये असतं.

शिरांमध्ये बारीक झडपा असतात. पोटरी आवळली की रक्त वर जातं आणि झडपा मिटून ते खाली येऊ देत नाहीत. झडपा निकामी झाल्या की चालतानाही घोट्याजवळचा दाब उतरत नाही. पाणी त्वचेखाली साठतं, त्वचा तपकिरी आणि टणक होते आणि साध्या खरचटण्याचीही जखम होऊन बसते. नडगीवर अंगठा थोडा वेळ दाबून धरा. उचलल्यावर खड्डा तसाच राहिला, तर ते साठलेलं पाणी आहे. ते हटवल्याशिवाय वर काय लावलं याने फारसा फरक पडत नाही.

आता चांदी. प्रयोगशाळेत ती जंतू मारते, हे खरंच. पण जखम लवकर भरते का, हा प्रश्न वेगळा आणि त्याची रीतसर चाचणी झालेली आहे. ब्रिटनमध्ये २१३ रुग्णांवर झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष २००९ साली आले. अर्ध्या रुग्णांना चांदीचं ड्रेसिंग, अर्ध्यांना साधं, न चिकटणारं ड्रेसिंग. वरून दोन्हीकडे दाबाची पट्टी. बारा आठवड्यांनी चांदीच्या गटातल्या सुमारे ६० टक्के जणांच्या जखमा भरल्या होत्या, साध्या गटातल्या सुमारे ५७ टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडतो. खर्च मात्र चांदीचा जास्त झाला. जखमेत संसर्गाची लक्षणं असतील तर चांदी वापरावी, दोन आठवड्यांनी जखम पुन्हा नीट पाहावी आणि उपयोग होत नसेल तर ती थांबवावी, असं या क्षेत्रातले जाणकार सांगतात. सहा सहा महिने चांदी लावून आलेले पाय मी पाहिले आहेत. पट्टी महागडी, आणि पाय मात्र सुजलेला तो सुजलेलाच. तेवढे दिवस त्या माणसाचे फुकट गेले, याचं मला फार वाईट वाटतं.

जंतुनाशक ड्रेसिंगांमध्ये त्यातल्या त्यात पुरावा आहे तो कॅडेक्सोमर आयोडीनच्या बाजूने. कॉक्रेन ही उपचारांच्या चाचण्या एकत्र करून पडताळणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या २०१४ च्या आढाव्यात ४५ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. कॅडेक्सोमर आयोडीनला त्यात थोडा आधार मिळाला. चांदी किंवा मध सरसकट वापरावा इतका पुरावा मिळाला नाही. लावताना हा लेप गडद तपकिरी असतो. त्यातले स्टार्चचे कण जखमेचं पाणी शोषतात आणि आयोडीन हळूहळू सोडतात. तो फिका पडला की आयोडीन संपलं, बदलायची वेळ झाली. थायरॉइडचा त्रास असेल तर हे ड्रेसिंग डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

मधाचं थोडक्यात. न्यूझीलंडमध्ये ३६८ रुग्णांवर मधाच्या ड्रेसिंगची चाचणी झाली, २००८ साली निष्कर्ष आले. बारा आठवड्यांत मधाच्या गटातले सुमारे ५६ टक्के बरे झाले, नेहमीच्या उपचारातले ५०; हाही फरक खात्रीचा ठरला नाही. मधाच्या गटात दुखण्याच्या तक्रारी मात्र जास्त होत्या. आणि तो मध निर्जंतुक केलेला होता. बरणीतल्या मधात जंतूंचे बीजाणू असू शकतात. उघड्या जखमेवर तो ओतू नका.

राहिली घट्ट न बांधण्याची सूचना. शिरांच्या जखमेवर सर्वांत भरवशाचा उपचार दाबाची पट्टी हाच आहे. बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत बांधलेली, घोट्याशी साधारण ४० मिलिमीटर पारा एवढा दाब देणारी. साठलेलं पाणी तीच हटवते. ती काढून नुसतं भारी ड्रेसिंग लावा म्हणणं म्हणजे उपचारच काढून घेणं. संदेशातली भीती अगदीच निराधार नाही. धमन्या आकसलेल्या असतील तर याच दाबाने पायाला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून बांधण्याआधी डॉपलरने, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह टिपणाऱ्या यंत्राने, घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.८ च्या खाली असेल तर पूर्ण दाब देत नाहीत, ०.५ च्या खाली असेल तर दाबाची पट्टी बांधतच नाहीत. मधुमेहात धमन्या कडक झाल्या असतील तर आकडा फसवा चांगला येतो, तेव्हा आणखी तपासण्या लागतात.

पट्टीच्या जोडीला शिरेवरच इलाज करता येतो. २०१८ साली आलेल्या, ४५० रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत बिघडलेली शीर लवकर बंद केलेल्यांपैकी निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, तोच उपचार लांबवलेल्यांपैकी निम्म्यांच्या ८२ दिवसांत. दोन्ही गटांना दाबाची पट्टी होतीच.

तेव्हा कुणी जुन्या जखमेवर ड्रेसिंग सुचवलं, तर आधी विचारा: पायाचा डॉपलर झाला का? शिरा तपासल्या का? पट्टी बांधून घरी आल्यावर बोटं निळी किंवा गार पडली, बधिर झाली, कळा वाढत गेल्या, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पट्टी सोडा आणि बांधणाऱ्याला कळवा. सोडलेली पट्टी पुन्हा बांधता येते.