सहलीच्या दिवशीची पोटदुखी

गेल्या आठवड्यात आमच्या दहावीच्या ग्रुपवर कुणीतरी विषय काढला, नागपूर मनपाच्या शाळांत मुलांसाठी समुपदेशक नेमायला हवेत म्हणून. अर्ध्या तासात पन्नासेक मेसेज पडले. त्यातला एक माझ्या डोक्यातून जात नाही. "डिप्रेशन हे पैसेवाल्यांच्या पोट्ट्यांचे चोचले आहेत. आपण एका खोलीत सहा जण झोपलो. काही झालं का बे आपल्याला?" खाली अंगठ्यांची रांग. ज्याने लिहिलं तो वाईट माणूस नाही. माझ्या बाबांना मेडिकलमध्ये भरती केलं तेव्हा मी इथे हॅम्बुर्गमध्ये विमानाची तिकिटं शोधत होते आणि तो तीन रात्री वॉर्डाबाहेर बसून होता. म्हणूनच जास्त लागलं.

इथे रात्रीचे अडीच, तिकडे सकाळचे सहा. मी लांबलचक उत्तर लिहिलं आणि पुसून टाकलं.

ग्रुपमधली एक मैत्रीण शिक्षिका आहे. तिने आकडा टाकला. निम्हान्स या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले, महानगरांत १३.५ टक्के, ग्रामीण भागात ६.९. तिचा निष्कर्ष: "बघा, शहरातल्या सुखवस्तू पोरांचा आजार." पण महानगर म्हणजे नुसत्या धरमपेठ-रामदासपेठेसारख्या श्रीमंत वस्त्या असतात का? नाल्याकाठची टिनाची घरंही महानगरातच मोजली जातात. शिवाय ज्या बारा राज्यांत ते सर्वेक्षण झालं त्यांत महाराष्ट्र नव्हताच. त्या आकड्यावरून नागपुरातल्या कुठल्याच मुलाबद्दल काही ठरवता येत नाही.

महाराष्ट्राबद्दल मला ठाऊक असलेला आकडा वेगळा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. सर्वांत जास्त, १,७६४, आपल्या राज्यात. त्याच अहवालात सगळ्या वयांच्या आत्महत्या पाहिल्या तर दर शंभरातल्या चौसष्ट जणांचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत होतं. ही सगळी पैसेवाल्यांच्या घरची माणसं नव्हती. त्यांतल्या कितीतरी जणांची मुलं शाळेत जात असतील, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना काय वाटत होतं ते विचारायला वर्गात कोण होतं?

माझी मुलगी चौथीत आहे, हॅम्बुर्गच्या बार्मबेक भागातल्या साध्या ग्रुंडशूलेत, म्हणजे प्राथमिक शाळेत. वसंतात त्यांची क्लासेनफार्ट, म्हणजे वर्गाची सहल आहे, चार दिवस समुद्राकाठी. पत्र आलं, त्यात रकमेखाली एक ओळ होती: ज्यांना जॉबसेंटरकडून सरकारी मदत किंवा वोनगेल्ड, म्हणजे घरभाड्याचा भत्ता मिळतो त्यांनी ऑफिसात सांगावं, पैसे परस्पर भरले जातील. बस. वर्गात कुणाचं नाव वाचलं जात नाही. कुणी भरले आणि कुणाचे भरले गेले हे मुलांना कळायचं कारणच नाही. इथल्या कुणाला त्या ओळीत विशेष वाटत नाही. मी मात्र ते पत्र घेऊन स्वयंपाकघरात बराच वेळ उभी होते.

त्यानंतर काही दिवसांनी एका अभ्यासासाठी शाळेतून प्रश्नावली आली. किडस्क्रीन तिचं नाव. २००१ ते २००४ या काळात तेरा युरोपीय देशांतल्या लोकांनी मिळून तयार केलेली, ८ ते १८ वयाच्या मुलांसाठी. मुलांच्या जगण्याची प्रत मोठ्यांना विचारून कळत नाही, मुलांनाच विचारावं लागतं, असा त्यामागचा विचार. झोप, मूड, आई-बाबांना तुझ्यासाठी वेळ होता का, कुणाची भीती वाटली का, असे प्रश्न. आणि त्यात एक: मित्रमैत्रिणी जे करतात ते करण्याइतके पैसे तुझ्याकडे होते का?

लेकीने पेन न उचलता "नेहमी"वर खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे गेली. मी तिथेच अडकले. हा प्रश्न १९९७ साली मला कुणी विचारला असता तर?

त्या वर्षी मी आठवीत होते. बाबा हिंगणा एमआयडीसीत ज्या कारखान्यात होते तो दिवाळीआधी बंद पडला. जानेवारीत सहल होती, नवेगावबांधला. वर्गणी दीडशे रुपये. ज्यांची बाकी होती त्यांची नावं रोज पहिल्या तासाला वाचली जायची आणि आम्ही उभे राहायचो. मी, आणि मागच्या बाकावरची दोन मुलं. शेवटच्या तारखेला मी बाईंना सांगितलं की माझं पोट दुखतं, मी येणार नाही. खरंच दुखत होतं. पुढे दर सोमवारी दुखायला लागलं, कारण सोमवारी फीची यादी यायची. आईने नंदनवनातल्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी जंताचं औषध दिलं. बाई म्हणाल्या, सोंग आहे. वर्षभर मी कुणाच्या घरी खेळायला गेले नाही आणि कुणाला घरी बोलावलंही नाही.

आपल्याकडे गरीब पोराचं मन दुखलं की ते पोट दुखलं म्हणून लिहिलं जातं. म्हणून मनाच्या आजारांच्या यादीत फक्त श्रीमंतांची पोरं दिसतात. त्यांच्या आईबापांकडे डॉक्टरला द्यायला हजार रुपये आणि एक मोकळी दुपार असते.

गरिबी मनात शिरते ती कोणत्या वाटेने, याचं एक उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. जेन कॉस्टेलो नावाच्या संशोधिका अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात १९९३ पासून १,४२० मुलांवर लक्ष ठेवून होत्या. त्यांतली सुमारे चतुर्थांश चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीची. अभ्यास चालू असतानाच तिथल्या चेरोकींच्या जमिनीवर कॅसिनो सुरू झाला आणि नफ्याचा वाटा जमातीतल्या प्रत्येक माणसाला मिळू लागला, काम असो की नसो. काही घरं त्याने दारिद्र्यातून वर आली. २००३ मध्ये कॉस्टेलोंनी लिहिलं की त्या घरांतल्या मुलांचा चिडखोरपणा, मारामाऱ्या, उलट वागणं चार वर्षांत इतकं खाली आलं की कधीच गरीब नसलेल्या मुलांइतकं झालं. चिंता आणि नैराश्यावर मात्र तसा परिणाम दिसला नाही. तेही सांगायला हवं, कारण पैसा आला की सगळं सुटतं असं मला म्हणायचं नाही. पण बदल कशामुळे झाला याचा शोध घेतला तेव्हा सापडलं ते हे: आईबापांना मुलांकडे लक्ष द्यायला सवड मिळाली.

हे वाचलं आणि आमच्या घरातली शिलाई मशीन ऐकू आली. बाबांचं काम गेल्यावर आई रात्री एकपर्यंत ब्लाउज शिवायची, फॉल-पिको करायची. माझ्याशी बोलायचं होतं तिला, पण पायात पायडल होतं. बाबा दिवसभर बाहेर फिरायचे आणि संध्याकाळी क्षुल्लक कारणावरून भडकायचे. ते मला मारायचे नाहीत. पण ते घरात आले की मी पुस्तकात डोकं घालायचे, आणि ग्रुपवर आज सगळे म्हणतात की ही तेव्हापासून अभ्यासू होती.

"तिकडे बसून आम्हाला शिकवू नको," असं मला याआधीही ऐकवलं गेलंय. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने आरटीईचे नियम बदलले, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला गरीब मुलांसाठीच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून सूट दिली, तेव्हा ग्रुपवर आनंद झाला होता. कारण काय, तर "ती पोरं आपल्या पोरांत मिसळत नाहीत, त्यांनाच न्यूनगंड येतो." मी विरोध केला आणि एकटी पडले. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, तेव्हा कुणी काही बोललं नाही. न्यूनगंड येतो म्हणून मुलाला दाराबाहेर ठेवायचं, ही कुठली काळजी? तो गंड त्याच्या डोक्यात उगवत नाही. डब्यात काय आहे, स्कूलबस आहे की सायकल, प्रोजेक्टचं सामान कोण आणतं, यातून आपण तो रोज त्याच्या हातात देतो.

इथे सगळं सुरळीत आहे असं मी म्हणत नाही. चौथीनंतर मुलांची वाटणी होते, आणि गिम्नाझियुमची, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेची शिफारस कुणाला मिळते ते आडनाव आणि आईबापांचं शिक्षण बघून बऱ्यापैकी सांगता येतं. मुलांच्या मानसोपचारासाठी महिनोनमहिने थांबावं लागतं. २०२० च्या मे-जूनमध्ये इथल्याच एपेनडॉर्फच्या विद्यापीठ रुग्णालयाने मुलांना विचारलं तेव्हा शंभरातल्या चाळिसांच्या जगण्याची प्रत कमी भरली; महासाथीआधी हे प्रमाण पंधराच्या आसपास होतं. सर्वांत जास्त भोगलं ते कमी शिकलेल्या आईबापांच्या, बाहेरून आलेल्यांच्या, दाटीच्या घरातल्या मुलांनी. पण त्यांनी विचारलं. दोन महिन्यांत विचारलं, छापलं, आणि ज्या शाळांच्या वस्त्या गरीब आहेत तिथे हॅम्बुर्ग आधीपासूनच प्राथमिक वर्गांत जास्तीत जास्त १९ मुलं ठेवतं, बाकी ठिकाणी २३. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, आणि तो सांगताना माझा आवाज चढतो हेही मला कळतं.

मुलांना घरचं उत्पन्न ठाऊक नसतं, म्हणून युरोपातल्या शाळांतल्या पाहण्यांत त्यांना विचारतात: घरी गाडी आहे का, तुझी स्वतःची खोली आहे का, कॉम्प्युटर किती, न्हाणीघरं किती, भांडी धुण्याचं मशीन आहे का, परदेशात सुटीला गेलात का. नागपुरात हे प्रश्न निरुपयोगी आहेत. तिथे विचारायला हवं: उन्हाळ्यात कूलर किती खोल्यांत चालतो? त्याच्या टाकीत पाणी भरायला नळ घरात आहे की टँकरची वाट बघावी लागते? कूलरसमोर कोण झोपतं? उकाड्यात रात्रभर झोप न लागलेलं मूल सकाळी वर्गात चिडतं, आणि आपण म्हणतो, या वस्तीतली पोरं अशीच.

आणि नागपूरला हे कळत नाही असंही नाही. हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल द्यायला सुरुवात केली. समुपदेशन हा शब्द त्यात कुठे नव्हता. पण रोज ठरलेल्या वेळी एक मोठा माणूस मैदानावर आपली वाट बघतो, हे त्या पोरांना मिळालं. गणिताचा मास्तर हवाच. तो मास्तर यादी वाचताना कुणाला उभं करणार नाही, एवढं आधी हवं. आणि एक माणूस हवा, ज्याच्याकडे मूल पोट दुखतं म्हणून गेलं तर तो दुसरा प्रश्न विचारेल.

मला काही झालं होतं, हे मी ग्रुपवर लिहू शकले नाही. चाळिशी उलटली, जर्मन पासपोर्टचा अर्ज टेबलावर पडून आहे, तरी त्या पन्नास जणांसमोर बाकी असलेल्यांच्या यादीत पुन्हा उभं राहायची हिंमत झाली नाही. वर्गात माझ्याबरोबर उभी राहणारी ती दोन मुलं त्या ग्रुपमध्ये नाहीत. त्यांचे नंबर कुणाकडेच नाहीत. "काही झालं का आपल्याला" असं विचारणारे आम्ही सगळे ते आहोत जे दहावीपर्यंत पोचलो.

रविवारी आईला फोन केला. आधी भाजीचे भाव झाले, शेजारच्या काकूंचा गुडघा झाला. मग विचारलं, तुला आठवतं का, आठवीत माझं पोट दुखायचं?

"पोट नव्हतं दुखत तुझं," आई म्हणाली. "माहीत होतं मले."

मग डॉक्टरकडे का नेलंस? दहा रुपये घ्यायचे ते. तेव्हा दहा रुपये कुठे होते आपल्याकडे?

ती जरा थांबली. "कोणी तरी तपासलं पायजे होतं न तुले," ती म्हणाली.