बारा वर्षांची भीती आणि अकरा महिन्यांचा भरवसा

कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर घरमालकांसाठी एक मजकूर फिरतो आहे. गोषवारा असा: भाडेकरू सलग बारा वर्षं राहिला की घर त्याचं. म्हणून दर अकरा महिन्यांनी ‘लिव्ह अँड लायसन्स’ (भाडेपट्टा न देता फक्त राहण्याचा परवाना देणारा करार) करा, पावती देऊ नका, त्या पत्त्यावर त्याला आधार बदलू देऊ नका. मुदत संपली की कुलूप लावा. शिवाय नव्या केंद्रीय कायद्याप्रमाणे डिपॉझिट दोन महिन्यांचंच, आणि करार नोंदवला नाही तर पाच हजार दंड. यात महाराष्ट्राचा कायदा, दिल्लीचा एक नमुना आणि ऐकीव भीती असं तिन्ही कालवलं आहे.

‘बारा वर्षांनी घर भाडेकरूचं होतं.’

बारा वर्षांचा आकडा 1963 च्या मुदत कायद्यातला आहे. अनुच्छेद 65 प्रमाणे मालकाच्या हक्काविरुद्ध, उघडपणे ताबा सांगणाऱ्याकडून जागा परत मागायला बारा वर्षांची मुदत असते. भाडेकरू मात्र मालकाच्या परवानगीनं राहतो. वडगावातल्या जुन्या खोलीत तीस वर्षं भाडं भरत राहिला, तरी तो तिसाव्या वर्षीही भाडेकरूच. शिवाय ज्याच्याकडून घर भाड्यानं घेतलं तो मुळात मालकच नव्हता, असं म्हणायची त्याला भाडेपट्टा चालू असताना मुभा नाही.

भाडेकरूकडून ताबा परत मागण्यासाठी अनुच्छेद 67 आहे. तिथंही बारा वर्षंच, पण ती मोजायची भाडेपट्टा संपल्यापासून, भाडेकरू राहायला आला त्या दिवसापासून नव्हे. म्हणजे धोका असेल तर तो नोटीस देऊन, भाडं बंद करून, वर्षानुवर्षं दावाच न लावणाऱ्या मालकाला.

आता ‘पावती देऊ नका’ हा सल्ला बघा. उद्या भाडेकरू कोर्टात म्हणाला की मी भाडेकरू नाहीच, ही जागा माझी म्हणून राहतो, तर मालक काय दाखवणार? भाड्याची पावती आणि करार हाच तो परवानगीनं राहत असल्याचा पुरावा. मजकूर त्यातली पावतीच टाळायला सांगतो. दर महिन्याचं भाडं बँकेतून किंवा यूपीआयनं घ्यावं, नोंदीत महिना लिहावा; रोखीनं घेतलंच तर पावती द्यावी आणि तिच्या स्थळप्रतीवर भाडेकरूची सही घ्यावी.

आधार आणि रेशन कार्डावरचा पत्ता म्हणजे राहण्याचा पत्ता. मालकी त्यानं सिद्ध होत नाही. याच भीतीपोटी काही मालक गृहज्योतीसाठीही (कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना) कागद देत नाहीत, आणि 200 युनिटपर्यंतची सवलत हक्काची असून भाडेकरू वीजबिल भरत बसतो. हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, जोडणीला त्याचा आधार लागला म्हणून मीटर त्याच्या नावावर होत नाही, आणि तो घर सोडून गेला की ती जोड काढता येते.

‘लिव्ह अँड लायसन्स केलं की झालं.’

ही पद्धत महाराष्ट्रातली. तिथल्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार असा करार लेखी करून नोंदवावाच लागतो. जबाबदारी मालकाची, आणि चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवानाधारकाला लवकर बाहेर काढण्याची वेगळी सोयही त्याच कायद्यात आहे. महाराष्ट्राच्या हद्दीतल्या घराला हे लागू पडतं, बेळगावातल्या टिळकवाडीच्या नाही. इथं शीर्षक काहीही लिहा. संपूर्ण ताबा देऊन दरमहा भाडं घेतलं तर कोर्ट त्याला बहुधा भाडेपट्टाच धरतं. शीर्षकापेक्षा करारातला मजकूर आणि ताबा बघायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं 1959 मध्येच सांगून ठेवलं आहे.

स्टॅम्पही इथलाच हवा. कोल्हापूरहून येताना आणलेल्या महाराष्ट्राच्या स्टॅम्पपेपरवर बेळगावच्या घराचा करार केला, तर कर्नाटकाचं शुल्क भरलेलंच नाही असं होतं. असा कागद पुराव्यात घ्यायचा तर आधी अपुरं शुल्क आणि त्यावर दहापटीपर्यंत दंड भरावा लागतो. कर्नाटकाचा ई-स्टॅम्प काढा. त्यावरचा मजकूर कन्नड किंवा इंग्रजी असला, तर सही करण्याआधी दोघांनी तो मराठीतून समजून घ्यावा. टायपिस्टच्या जुन्या फाईलमधले आधीच्या भाडेकरूचे नाव-रक्कम तशीच राहिलेले करार इथं काही कमी नाहीत.

‘अकरा महिने संपले की कुलूप लावा.’

सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून अकरा महिने. त्या आकड्यात दुसरी जादू नाही. बाराव्या महिन्याचं भाडं घेतलं की पट्टा महिना-महिना पुढं चालू लागतो. मग 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 106 प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी, सही केलेली नोटीस लागते. ती नोंदणीसह स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचपावती जपा. नोटिशीनंतरच्या महिन्यांचं भाडं नेहमीसारखं घेत राहिलात, तर नोटीस मागं घेतली असा अर्थ निघू शकतो. त्यानंतरही भाडेकरू निघाला नाही तर दिवाणी दावा, दुसरी वाट नाही.

कुलूप लावलं, सामान बाहेर काढलं, तर भाडेकरू विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मिळवतो. त्या दाव्यात तुमचा मालकीचा उतारा बघितलाच जात नाही. वर घरात घुसल्याची फौजदारी तक्रार होते ती वेगळीच. वीज-पाणी तोडणंही असंच अंगाशी येतं.

कमी भाड्याच्या जुन्या घरांना कर्नाटक रेंट अ‍ॅक्ट, 1999 लागतो. तुमचं गाव त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे का, ते आधी बघा. कायद्यानं धरलेलं भाडं भागानुसार 3,500 किंवा 2,000 रुपयांच्या वर असेल तर तो लागत नाही. बांधून पूर्ण झालेल्या घराला पहिली पंधरा वर्षंही नाही. जिथं लागतो तिथं करार संपला एवढं कारण पुरत नाही. थकबाकी असेल तर मागणीची नोटीस पोचल्यापासून दोन महिने भाडेकरूला भरण्यासाठी मिळतात.

‘डिपॉझिट दोनच महिन्यांचं.’

केंद्रानं जून 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे. घरभाडं हा राज्यांचा विषय; राज्यानं स्वीकारल्याशिवाय नमुना लागू होत नाही. रेंट अ‍ॅक्टबाहेरच्या घरात डिपॉझिट ठरतं ते करारानं. म्हणून किती, कधी परत, कशापोटी कपात, हे लिहाच. नेहमीच्या वापरानं भिंत मळली तर ती झीज आहे. करारात तसं लिहिलं नसेल तर रंगाचा खर्च सरसकट डिपॉझिटमधून कापता येत नाही.

मजकुरात नसलेली आणि सगळ्यात जास्त भांडणं लावणारी गोष्ट म्हणजे दुरुस्ती. आपल्याकडचा पाऊस आणि मंगलोरी कौलं बघता मेअखेर शाकारणी कोण करणार, बोअरची मोटर जळली तर खर्च कोणाचा, हे करारात हवं. मालकानं दुरुस्ती पत्करली असेल आणि कळवूनही केली नाही, तर भाडेकरू ती करून घेऊन खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. राहायला येताना मीटरचा आकडा, नळ, दारं-खिडक्या, किल्ल्यांची संख्या लिहून दोघांनी सह्या कराव्यात. जाताना त्याच कागदावर ताबा परत मिळाल्याची तारीख घालावी.