पिल्लाचं नाक फरशीवर घासणाऱ्यांनो

पिल्लानं घरात शू केली की त्याची मान धरायची आणि त्याचं नाक त्या मुतात घासायचं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी खरंच विचारतेय. कुणाकडेही विषय काढा, हा एक इलाज सगळ्यांना तोंडपाठ असतो. ज्यांनी जन्मात कुत्रं पाळलं नाही त्यांनासुद्धा.

काल ह्यांचे मामा आले होते, शिरपूरहून. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला. मे महिना, भरदुपार, धुळ्याचं ऊन म्हणजे सांगायला नकोच. मामा कूलरसमोर सोफ्यावर बसले, मी आत पोळ्या लाटत होते, सासूबाई देवघरात. बट्टी टीव्हीखाली झोपली होती. बट्टी आमची लॅब्राडोरची पिल्ली, रंगानं भाजलेल्या बट्टीसारखी म्हणून लेकानं ते नाव ठेवलं. पिल्लू झोपेतून उठलं की पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत त्याला शू लागते. खाल्ल्यावर थोड्या वेळानं लागते, खेळून दमलं की लागते. घरात सगळ्यांना हे मी इतक्या वेळा सांगितलंय की फ्रिजवर कागदच चिकटवलाय. मामांनाही ते आल्या आल्या सांगितलं होतं, "मामा, ही उठली की मला फक्त हाक मारा."

ती उठली. जमीन हुंगत गोल गोल फिरली. हीच तर खूण असते! त्याच क्षणी उचलून मागच्या परसात नेलं की काम झालं. मामांनी हे सगळं पाहिलं. हो, पाहिलं. जेवताना स्वतःच सांगत होते, "मी बघतच होतो ना, कशी गोल फिरत होती ते." बघत होतात, तर एक हाक मारता आली नाही? स्वयंपाकघर दहा पावलांवर आहे. तिचं होईपर्यंत ते बसून राहिले आणि झाल्यावर मात्र ताडकन उठले. तिची मानगूट धरली, तोंड फरशीवर दाबलं आणि टीपॉयवरच्या पेपरची गुंडाळी करून पाठीवर दोन हाणल्या. ती जी किंचाळली, तो आवाज मी आजवर तिच्या तोंडून ऐकला नव्हता. मी लाटणं हातात घेऊनच बाहेर आले, तर मामा हसताहेत. "असंच शिकाडनं पडस कुत्राले. आते देख, परत घरमा मुताव नही."

मी काहीच बोलले नाही. मामासासरे. कुंकू लावलेली पत्रिका समोर. सुनेनं बोलायचं नसतं. मी बट्टीला उचललं तर तिनं भीतीनं माझ्या अंगावर परत शू केली. त्यावर मामा म्हणाले, "लई बेशरम शे!" आणि हात धुवायला पाणी मागितलं. दिलं. ड्रममधलं. आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो, धुळ्यातल्या आमच्या देवपूरवाल्यांना मी वेगळं काय सांगणार. पोछ्याचं पाणी, हातपाय धुतलेलं पाणी, सगळं मोजून वापरायचं आणि त्यात हे. पुसायचंही मलाच. मामांनी पेपरसुद्धा उचलला नाही.

आणि आता ऐका, त्या दोन फटक्यांनी काय शिकवलं ते. काल संध्याकाळपासून बट्टी दिवाणाखाली जाऊन शू करतेय. सोफ्याच्या मागे करतेय. परसात नेलं की नुसती उभी राहते, माझ्याकडे बघते, शेपूट पोटाखाली, करत नाही म्हणजे नाही. आत आणलं की माझी नजर चुकवून कोपऱ्यात जाते. कारण ती काय शिकली? घरात करू नये, हे नाही शिकली. माणसाच्या समोर करू नये, हे शिकली. तिच्या लेखी मार फरशीमुळे पडला नाही, माणूस जवळ होता म्हणून पडला. मग माणूस परसात जवळ उभा असताना ती कशी करेल? इतके दिवस मी तिला निंबाच्या बुंध्याशी वाळूत नेत होते. केलं की त्याच क्षणी, तिथंच, उकडलेल्या चिकनचा बारका तुकडा. आत आल्यावर नाही, तिथंच, कारण एक-दोन सेकंदांच्या पुढे गेलं की बक्षीस कशाचं ते पिल्लाला कळत नाही. मारही कळत नाही. ती वाळूकडे स्वतःहून पळायला लागली होती हो! दाराशी जाऊन बसायला लागली होती. ते सगळं गेलं. आज सकाळी ह्यांनी नुसता पेपर उघडला, पान वाजलं, आणि ती होती तिथंच ओली झाली.

वर मामांचं म्हणणं काय, तर "बघ कशी शरमली, चूक कळली तिला." चूक नाही कळली. कान मागे, मान खाली, नजर चोरलेली, ती भीती आहे. न्यू यॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये ह्यावरच प्रयोग छापला. ज्या कुत्र्यांनी काहीही केलेलं नव्हतं, पण मालकांना खोटंच सांगितलं होतं की ह्यानं खाऊ चोरला, ती कुत्रीसुद्धा मालक रागावल्यावर अगदी तशीच 'अपराधी' दिसली. उलट बिनगुन्ह्याची जास्तच दिसली. म्हणजे तो चेहरा आपल्या रागाला असतो, त्यांच्या कृत्याला नाही. हे मी जेवताना सांगितलं. सगळे वरण-बट्टीवर तूप घेत राहिले.

तान्ह्या बाळानं दुपट्यात केलं म्हणून कुणी त्याच्या पाठीत घालतं का? दोन महिन्यांच्या पिल्लाला मूत्राशयावर पुरता ताबा नसतो. वयाचे जितके महिने, त्यात एक मिळवायचा, दिवसा फार तर तितके तास ते थांबू शकतं, असा ढोबळ हिशोब आहे, आणि तोसुद्धा झोपून राहिलं तर. जागं असलं, खेळत असलं तर तेवढंही नाही. नीट ताबा यायला चार ते सहा महिने लागतात. तोवर ही माणसाची जबाबदारी आहे. त्याला वेळेवर नेणं हे आपलं काम आहे, त्याचं नाही!

आणि मामा एकटे कुठे आहेत. आता निघालंच आहे तर सगळंच निघू दे.

ज्यानं बट्टी विकली तो माणूस. "दोन महिने पूर्ण झालेत मॅडम, एकदम हेल्दी." डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं, तर दुधाचे मागचे दातसुद्धा धड आलेले नव्हते. पाच आठवड्यांची असेल म्हणाले. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही, असा केंद्राचा नियम आहे, कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे २०१७ चे नियम. कोण विचारतं? आईपाशी राहिलेलं पिल्लू झोपायची जागा घाण करायची नाही हे तिथंच शिकून येतं, जरा चालता आलं की बिछान्यापासून दूर जाऊन करतं. ह्यानं पिल्लं खोक्यात कोंडून ठेवली होती. तिथंच खायचं, तिथंच झोपायचं, तिथंच हगायचं. तिची ती उपजत सवयच ह्यानं मोडून टाकली, आणि त्याचे पैसे वाजवून घेतले. फोन केला तर नंबर लागत नाही.

शेजारच्या काकू. "मैदानमा सोडी दे ना तिले, सगळा कुत्रा जातस तठे." काकू, तिची लसीकरणं पूर्ण झालेली नाहीत. पार्व्हो नावाच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन् महिने जिवंत राहतो. शेवटचा डोस साधारण सोळा आठवड्यांच्या वयाला असतो, तोवर जिथं मोकाट कुत्री हागतात-मुततात तिथं पिल्लाला खाली ठेवायचं नाही. रक्ताची हगवण लागून दोन दिवसांत पिल्लं जातात. हे सांगितलं की काकूंचं ठरलेलं, "आम्ही बाई इतके लाड नाही पाहिले कुत्र्याचे."

दूध पाजणारे तर वेगळेच. लेकाचे मित्र येतात, मी आत असले की वाटीभर दूध. गाईचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात. जुलाब झालेल्या पिल्लाला दारापर्यंत कसं पोचता येणार? आणि काल मामांनी शेवभाजीच्या रश्श्यात पोळी बुडवून टाकली तिच्यापुढे. कांदा-लसूण कुत्र्याला विष आहे, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात त्यानं. मी वाटी ओढून घेतली, तर म्हणे घासभर अन्नासाठी इतकं काय.

फिनाईल. सगळ्यांना वाटतं फिनाईलचा पोछा मारला की झालं. तुमच्या नाकाला वास गेला, तिच्या नाकाला नाही गेला. फिनाईलच्या खाली तिला तिची जागा बरोबर सापडते आणि ती तिथंच परत करते. त्यासाठी एन्झाइमवालं क्लीनर लागतं, त्यानं मुतातले घटक मोडतात तेव्हा कुठं वास जातो. ते मागवावं लागतं, महाग पडतं, आणि ह्यांना बिल दिसलं की "एवढ्याशा बाटलीचे इतके?" काळं फिनाईल तर घरात नकोच. पिल्लू फरशीवर चालतं आणि मग पंजे चाटतं. पोटात जातं ते.

ह्यांचं तर सांगायलाच नको. कुत्रं आणायच्या वेळी बाप-लेक एक झाले होते. "रात्री मी उठेन" म्हणाले होते. रात्री कोण उठतं ते सांगू का? आयपीएल चालू असली की "एवढी ओव्हर होऊ दे." बट्टीला ओव्हर कळत नाही हो! लेक दहावीत गेलाय, क्लासला जायच्या आधी तिला खेळवून खेळवून दमवतो आणि सायकल काढून निघून जातो. दमलेलं पिल्लू हमखास शू करतं. ते मी बघायचं.

आणि ऊन. पुण्या-मुंबईच्या लोकांचे व्हिडिओ बघायचे, हिरवळीवर पिल्लू, दर दोन तासांनी बाहेर न्या, किती सोपं. इथं पारा बेचाळीस-त्रेचाळीसला गेलेला असतो. सकाळी अकरानंतर परसातल्या फरशीवर माझा पाय टेकत नाही, तिचे ते कोवळे पंजे कसे टेकतील? एकदा चटका बसला तर ती परत दाराबाहेर यायचीच नाही. म्हणून दारापासून निंबापर्यंत ओलं गोणपाट अंथरते मी. ते वाळलं की पुन्हा ओलं करायचं. पाण्याचं रडगाणं तुम्हाला माहीतच आहे, त्यातून हे. आणि येणारा-जाणारा त्या गोणपाटाला चप्पल पुसतो!

"आमच्या गावाकडे कुत्र्याला कुणी काही शिकवत नव्हतं, आपसूक शहाणी व्हायची." हे वाक्य मला आता ऐकवतच नाही. गावाकडचं कुत्रं ओट्यावर होतं, खळ्यात होतं, शेतात होतं. घराचा उंबरा त्यानं कधी ओलांडला? त्याला शिकवायचं काय होतं? आणि किती पिल्लं जगायची त्यातली, तेही सांगा ना. ते कुणी सांगत नाही.

ह्या सगळ्यात एकच माणूस माझ्या बाजूनं आहे, आणि तो कोण, तर सासूबाई. ज्या म्हणाल्या होत्या कुत्रं आलं तर मी धाकट्याकडे जाऊन राहीन. त्यांना फ्रिजवरचा कागद पाठ आहे. बट्टी उठली की देवघरातून हाक येते, जप चालू असला तर टाळी वाजते. काल मात्र डोळे मिटलेले होते त्यांचे, जप संपत आला होता. बाहेर आल्यावर सख्ख्या भावाला म्हणाल्या, "लेकरूच शे ते. घाबरी गई बिचारी." मामा गप्प झाले. पण मला विचाराल तर तेवढंसुद्धा कमी आहे. प्राण्याला मारणं हा गुन्हा आहे, १९६० पासून कायदा आहे आपल्याकडे. आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज इथं पावभाजीची एक प्लेट येत नाही. मग का नाही उठणार कुणाचाही हात?

आता मला परत पहिल्यापासून सुरुवात करायची आहे. पेपरची घडी लांब ठेवायची, हळूहळू जवळ आणायची, प्रत्येक वेळी तिला खाऊ द्यायचा, जोवर तो आवाज तिला साधा वाटत नाही तोवर. परसात तिच्याकडे न बघता, पाठ करून उभं राहायचं. दिवाणाखाली फळ्या लावायच्या. हे सगळं दोन फटक्यांपायी, जे मारायला मामांना दोन सेकंदही लागले नाहीत.

लग्नघरची मंडळी पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहेत. मामाही. रात्री घरात तोडगा निघाला: तोवर बट्टीला मागे पत्र्याच्या शेडमध्ये बांधून ठेवू, म्हणजे कुणाला त्रास नको. ह्या उन्हात, पत्र्याखाली. हे म्हणाले, "दोन दिवसांचा प्रश्न आहे, वडीलधाऱ्यांना काय सांगायचं." सांगायचं. मी सांगणार आहे, मामांना, तोंडावर, "मामा" म्हणूनच सांगणार आहे. हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही, ती फिरायला लागली की हाक मारायची. जमत नसेल तर ओट्यावर खुर्ची टाकून देते, चहा तिथं आणून देईन. बट्टी बांधली जाणार नाही.