'स्पेशल गार्डियन आले, आता शाळेत विचारायचाही हक्क नाही' हे खरं नाही

इंग्लंड-वेल्समध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांत एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर जात असतो. त्याचा सारांश असा: कोर्टाने मूल आजी-आजोबांकडे किंवा मावशीकडे स्पेशल गार्डियन म्हणून दिलं की ते दत्तक गेल्यासारखंच. आई-वडिलांचे हक्क संपले, शाळा आणि डॉक्टर काही सांगणार नाहीत, गार्डियन मुलाला कायमचं भारतात नेऊ शकतात, आणि कोर्टात परत जाता येत नाही. आधीच खचलेले आई-बाप हे वाचून गप्प बसतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

'दत्तक गेल्यासारखंच.' नाही. स्पेशल गार्डियनशिपची तरतूद २००२ च्या कायद्याने १९८९ च्या चिल्ड्रेन अॅक्टमध्ये घातली आणि ती ३० डिसेंबर २००५ पासून लागू झाली. आई-बापाशी असलेलं कायदेशीर नातं न तोडता मुलाला १८ वर्षांपर्यंत स्थिर घर मिळावं, यासाठीच ती आणली. दत्तकविधानात जन्मदात्यांची पॅरेंटल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे मुलाबाबतचे कायदेशीर हक्क आणि जबाबदाऱ्या, संपते, इथे ती राहते. पुढे कुणी त्या मुलाला दत्तक घ्यायचं म्हटलं, तर तुमची संमती लागते किंवा ती बाजूला ठेवण्यासाठी कोर्टाला कारण दाखवावं लागतं.

तरीही या समजाला एक आधार आहे, तो नाकारून चालणार नाही. कायद्यानुसार गार्डियनकडेही पॅरेंटल रिस्पॉन्सिबिलिटी येते आणि ती ते इतरांना वगळून वापरू शकतात. शाळा कोणती, लस द्यायची का, रोजचे नियम कोणते, हे बहुतेक सगळं ते ठरवतात आणि त्यासाठी तुमची परवानगी लागत नाही. दुसरं म्हणजे, मूल काउन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) केअरमध्ये, म्हणजे कोर्टाच्या केअर ऑर्डरने त्यांच्या देखभालीत, असताना आई-वडिलांचं मत विचारात घ्यायला काउन्सिल बांधलेलं असतं, ठरावीक काळाने रिव्ह्यू होतात, त्यातून बातमी कळत राहते. स्पेशल गार्डियनशिपची ऑर्डर झाली की केअर ऑर्डर संपते आणि तो ओघही आटतो. फोन येत नाही, कागद येत नाही. म्हणून हक्कच गेला असं वाटतं, पण निर्णय घेण्याचा अधिकार आणि माहिती मिळण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

'शाळा काही सांगणार नाही.' हा सगळ्यात चुकीचा मुद्दा, आणि सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. १९९६ च्या एज्युकेशन अॅक्टच्या कलम ५७६ मध्ये पालकाची व्याख्या रुंद आहे. सरकारचं शाळांना मार्गदर्शन असं आहे की जन्मदाते आई-वडील पालकच धरायचे, मूल त्यांच्याकडे राहत नसलं तरी. ज्या वडिलांकडे पॅरेंटल रिस्पॉन्सिबिलिटी नाही, तेही यात येतात. कोर्टाने मनाई केली नसेल, तर केवळ गार्डियन 'देऊ नका' म्हणाले म्हणून शाळेने प्रगतिपत्रक अडवू नये. काउन्सिल चालवते अशा इंग्लंडमधल्या सरकारी शाळेकडे शैक्षणिक नोंदी लेखी मागितल्या, तर १५ शालेय दिवसांत त्या द्याव्या लागतात. अकॅडमी शाळांना (सरकारी पैशावर, पण काउन्सिलपासून स्वतंत्र चालणाऱ्या) हा १५ दिवसांचा नियम लागू नाही, पण वर्षाचा लेखी अहवाल त्यांनीही पालकांना द्यायचा असतो. शाळेला साधं पत्र लिहा: मी अमुक मुलाची आई, मला अहवाल आणि पालकसभेची सूचना या पत्त्यावर पाठवा. मुलाच्या घराचा पत्ता मागू नका. सुरक्षिततेसाठी शाळा तो झाकू शकते, आणि ते योग्यच आहे.

'डॉक्टरही नाही.' इथे वाट शाळेइतकी सरळ नाही. जीपीकडची, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडची, नोंद मुलाची असते. पॅरेंटल रिस्पॉन्सिबिलिटी असलेली व्यक्ती ती मागू शकते, पण देणं मुलाच्या हिताचं आहे का, हे डॉक्टर पाहतात आणि गार्डियनचं म्हणणंही विचारात घेतात. मूल समजण्याइतकं मोठं असेल, तर त्याचीच संमती महत्त्वाची. १९८५ च्या गिलिक निकालापासून ही भूमिका पक्की आहे. म्हणजे खात्री नाही, पण दार बंदही नाही.

'कायमचं भारतात नेतील.' आपल्या घरांत ही भीती खरी असते, कारण आजी-आजोबांचं अर्धं आयुष्य पुण्यात किंवा साताऱ्यात असतं. गार्डियन मुलाला तीन महिन्यांपर्यंत युकेबाहेर नेऊ शकतात. त्याहून जास्त काळासाठी पॅरेंटल रिस्पॉन्सिबिलिटी असलेल्या प्रत्येकाची लेखी संमती किंवा कोर्टाची परवानगी हवी. आडनाव बदलायलाही तेच. आणि मुलाचा मृत्यू झाला, तर पॅरेंटल रिस्पॉन्सिबिलिटी असलेल्या आई-वडिलांना कळवण्यासाठी वाजवी प्रयत्न करणं गार्डियनवर बंधनकारक आहे. हे लिहिताना हात जड होतो, पण तेही कायद्यात लिहिलेलं आहे.

'कोर्टात परत जाता येत नाही.' जाता येतं. भेटीगाठींसाठी, किंवा एखाद्या ठरावीक प्रश्नावर, म्हणजे अमुक माहिती मिळावी का यावरसुद्धा, आई-वडील सहसा आधी परवानगी न घेता अर्ज करू शकतात. मात्र कोर्टाने आधीच्या प्रकरणात अर्जांवर बंधन घातलं असेल, तर परवानगी लागते. मूल परत आपल्याकडे राहावं यासाठी किंवा ऑर्डरच रद्द व्हावी यासाठीही ती लागते. रद्द करण्याच्या अर्जाला परवानगी मिळायला ऑर्डरनंतर परिस्थितीत लक्षणीय बदल झाल्याचं दाखवावं लागतं.

हिंसेमुळे किंवा छळामुळे कोर्टाने माहिती देण्यावर बंदी घातली असेल, तर वरचं बरंचसं लागू होत नाही. म्हणून शाळेला पत्र टाकण्याआधी आपल्या ऑर्डरची प्रत काढा, तिच्यासोबत आणखी कोणते आदेश जोडले आहेत ते पाहा, आणि समजलं नाही तर फॅमिली लॉ सॉलिसिटरला तोच कागद दाखवा.