आधी मागची पानं उघडा

‘खऱ्या गुन्ह्यांवरचं चांगलं पुस्तक सुचवा’ म्हणणाऱ्यांना माझं सांगणं एकच. पुस्तक हातात घेतलंत की आधी मागची पानं उघडा. टिपा आहेत का बघा. मग मधलं असं पान काढा, जिथे बंद खोलीत दोघंच बोलताहेत, आणि त्या संवादाची टीप शोधा. त्यातला एक मेलेला आणि दुसरा लेखकाशी कधी बोललाच नसेल, तर अवतरणचिन्हांतली ती वाक्यं आली कुठून? पत्र, जबानी, कोर्टातली साक्ष, काहीतरी सापडायला हवं. नाहीच सापडलं तर कादंबरी म्हणून खुशाल वाचा.

या परीक्षेत सगळ्यात मोठं नाव घसरतं. ट्रुमन कपोतीचं ‘इन कोल्ड ब्लड’ (१९६६). कॅन्ससमधल्या होलकम्ब गावात १९५९ साली एका शेतकरी कुटुंबातल्या चौघांचा खून झाला, त्याची ही हकिगत. गद्य अप्रतिम, वादच नाही. पण मुलाखती घेताना आपण टिपणं काढत नाही, सगळं लक्षात राहतं, अशी कपोतीची फुशारकी होती. आणि शेवटचा तो दफनभूमीतला हृद्य प्रसंग घडलाच नव्हता. लोक नेमका तोच प्रसंग आठवून सांगतात!

उलट जॉन कॅरीरूचं ‘बॅड ब्लड’ (२०१८) घ्या. बोटाच्या टोकाला टोचून काढलेल्या थेंबभर रक्तावर ढीगभर तपासण्या करतो म्हणणाऱ्या थेरानोस कंपनीचं बिंग फोडणारं हे पुस्तक. फसवणूक कशी चालायची ते इथे नीट कळतं. बऱ्याच तपासण्या बाहेरून आणलेल्या सीमेन्सच्या यंत्रांवर व्हायच्या. थेंब पुरत नाही म्हणून नमुना पातळ करायचे. पातळ केला की घटकांचं प्रमाण यंत्राला नीट मोजता येईल त्याच्याही खाली जायचं. त्यात बोट दाबून रक्त काढताना लाल पेशी फुटतात, आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा फुगतो. लेखकाने स्वतःचं रक्त दोन ठिकाणी तपासून निकाल ताडून पाहिले. बातमीदारी अशी असते. पुस्तकाच्या उत्तरार्धात तो ‘मी’ म्हणून आत येतो तेही योग्यच, कारण तिथून पुढे कंपनीचे वकील त्याच्याच मागे लागलेले असतात.

पॅट्रिक रॅडन कीफचं ‘से नथिंग’ माझ्या मते या सगळ्यांत वरचं. १९७२च्या डिसेंबरात उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमधून दहा मुलांच्या आईला उचलून नेलं, अवशेष सापडले २००३ साली. यातला मोठा भाग बॉस्टन कॉलेजने जपलेल्या, तिथल्या सशस्त्र गटांतल्या माजी सदस्यांच्या ध्वनिमुद्रित मुलाखतींभोवती फिरतो. बोलणारा मेल्याशिवाय त्या उघडणार नाहीत, हा शब्द कसा पाळता आला नाही, ही कथा खुनाइतकीच जबर आहे.

आपल्याकडच्या पुस्तकांना आणखी दोन चाळण्या लावा. पहिली, कबुलीजबाब कुणापुढे दिलेला? एरवी पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा धरत नाहीत. टाडा या दहशतवादविरोधी कायद्यात मात्र पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढची चालायची. १९९३च्या मुंबई स्फोटांवर काहीही वाचताना हे डोक्यात असू द्या. दुसरी, पुस्तकाचं साल. आरुषी तलवार खून खटल्यावरचं अविरूक सेन यांचं ‘आरुषी’ २०१५चं आहे. उच्च न्यायालयाने तिच्या आईवडिलांना निर्दोष सोडलं ते २०१७ साली. त्यामुळे निकालपत्र वेगळं वाचावंच लागतं, आणि ते इंडियन कानून या संकेतस्थळावर फुकट मिळतं.

पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यातला आरोपी मुनव्वर शाह याने येरवड्यात लिहिलेलं ‘येस, आय अॅम गिल्टी’ही असंच निकालपत्र शेजारी ठेवून वाचा. फाशीची वाट पाहणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असं वाटतं खरं. पण कुठल्या खुनाच्या वेळी आपण नेमके कुठे उभे होतो, हे तो सांगतो तेव्हा माफीच्या साक्षीदाराची जबानी काय म्हणते तेही बघा.

आणि हो, अनुवाद घेताना टिपा शाबूत आहेत ना, तेवढं चाळून घ्या. पानं वाचवायला पहिली कात्री तिथेच लागते.